तीन नंबरच्या खोलीतला भोंग्या

पहिल्याच भेटीत त्याने माझ्यासमोर कंबर हलवली.

अगदी खरं सांगते. मी हातात चहाचा कप घेऊन दार ढकललं, तर समोर कॉरिडॉरमध्ये अग्निशमन दलाच्या जाड कोटातला एक उंच माणूस उभा. ओळख ना पाळख, माझ्याकडे बघून हसला आणि चक्क कमरेला एक झटका दिला!

"लाज नाही वाटत?" मी म्हणाले. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच बसलेला असतो.

"कशाची?" तो गांगरला. "अहो, हे... हे वाजू नये म्हणून!"

त्याने छातीवरची काडेपेटीएवढी पिवळी डबी दाखवली. डबी मीच बनवलेली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमची सरकारी संशोधन संस्था. पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिकेवरची माणसं, म्हणजे संकटात सगळ्यांत आधी धावणारे जे कोणी, त्यांच्यासाठी आम्ही उपकरणं बनवतो आणि तपासतो. ही डबी माझी तीन वर्षांची मेहनत. तिचं पाळण्यातलं नाव मोठं लांबलचक, पण सगळे तिला 'भोंग्या' म्हणत. आगीत शिरलेला जवान तीस सेकंद हललाच नाही, म्हणजे बेशुद्ध पडला असणार. मग हा असा बोंबलतो की धुरातही साथीदारांनी आवाजाच्या मागावर जाऊन त्याला गाठावं. जुना भोंग्या माणूस नुसता उभा राहिला तरी बोंबलायचा, म्हणून सगळ्या जवानांना अधूनमधून कंबर हलवायची सवयच लागली होती.

"माझ्या भोंग्यासमोर नाचायची गरज नाही," मी शक्य तितक्या रुबाबात म्हणाले. "मान वळवली, हात उचलला, तरी तो गप्प राहतो. जागा माणूस तीस सेकंद तेवढंही हलत नाही, असं होतच नाही."

"आमचं केंद्र बघायला या एकदा," तो म्हणाला. "साहेब हजेरी घेतात तेव्हा आख्खी रांग ठुमकत असते."

मी हसले. हसायचं नव्हतं खरं तर.

चाचणी सहा आठवड्यांची होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी बारा जवानांचे भोंगे घेऊन तो तीन नंबरच्या खोलीत, माझ्या टेबलासमोर येऊन बसायचा. मी त्यांतल्या नोंदी संगणकावर उतरवायची आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायची. त्याच्या कोटाला धुराचा वास यायचा. डाव्या भुवईचं टोक कधीतरी जळलं होतं, तिथे केस आलेच नव्हते.

"आरशात बघता की नाही कधी?" मी एकदा विचारलं.

"बघतो ना. पण अर्ध्याच भुवईने आश्चर्य दाखवता येतं, त्याचं काय करू?"

मी हसले आणि संगणकाच्या पडद्यावरच्या आकड्यांत हरवले. अर्धं मिनिट झालं असेल, आणि... भोंग्या बोंबलला! तो दचकला, चहा माझ्या कागदांवर.

तेव्हापासून हे सुरूच झालं. चाचणी संपत आली तेव्हा मी हिशेब मांडला. एकूण चौदा खोटे इशारे. त्यांतले अकरा त्याचे, आणि अकराच्या अकरा तीन नंबरच्या खोलीतले.

मी डबी बदलून दिली, तरी वाजली. त्याची डबी दुसऱ्या जवानाला लावून त्याच खुर्चीत तासभर बसवलं, तर ती गप्प. पंखा बंद केला. लोखंडी कपाट बाहेर काढलं. शेवटी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा खुर्चीतल्या अर्ध्या भुवईवाल्याकडे पाहिलं. "वायरिंगमध्ये काही नाही, मॅडम," म्हणाला आणि मिशीतल्या मिशीत हसत गेला.

घरी वहिनीपाशी रडगाणं गायले.

"वाजतं तेव्हा तो काय करत असतो?" तिने विचारलं.

"काही नाही गं. नुसता बसलेला असतो."

"आणि तू?"

"मी बोलत असते, नाहीतर विचार करत."

वहिनीला हसून हसून ठसका लागला. "बाई गं, एवढं शिकलीस कशाला!" मला मात्र ढिम्म काही कळलं नाही. डोक्यात दुसरंच घोळत होतं. त्यानेच सांगितलं होतं — ज्यांच्या हाताखाली तो शिकला, त्या दादांनी कटकट नको म्हणून जुना भोंग्या बंद ठेवला होता. धुरात ते सापडायला अकरा मिनिटं लागली. वाचले, पण आता दोन जिने चढले की धापा टाकतात, आणि केंद्रावर बसून फोन घेतात. "तुमचं हे पास व्हायला हवं," तो म्हणाला होता. त्या दिवशी तो हसत नव्हता.

उपकरणाला मंजुरी देणाऱ्या समितीची बैठक भरली. अध्यक्षांनी अहवाल चाळला आणि बोट नेमकं तिथेच ठेवलं.

"एकाच खोलीत अकरा वेळा? याचं कारण काय?"

"ते... अजून सापडलेलं नाही, सर."

"मग मंजुरी कशी देऊ? ज्या यंत्रावर भरवसा नाही, ते जवान बंदच करून ठेवणार."

मी मान खाली घातली. संस्थेच्या प्रमुख, आमच्या मोठ्या मॅडम, नुसते कागद सारखे करत राहिल्या. तीन वर्षं पाण्यात गेली, असं मनाशी म्हणाले. इतक्यात प्रात्यक्षिकासाठी भिंतीपाशी उभा असलेला तो खाकरला.

"साहेब, यंत्राचा दोष नाही. ते बरोबरच वाजलं. मी खरंच हललो नव्हतो."

"तीस सेकंद? अकरा वेळा? का हो?"

त्याचे कान लाल झाले. "मॅडम बोलता बोलता थांबतात ना... पेन्सिल केसांत खोचतात आणि पडद्याकडे बघत विचार करत बसतात. तेव्हा मला... हलायचं लक्षातच राहत नाही."

मोठ्या मॅडमना अचानक खोकला आला. अध्यक्षांनी चष्मा पुसला, पेन उघडलं आणि मोठ्याने वाचत लिहिलं, "वापरणारा प्रत्यक्षात स्तब्ध होता. यंत्र निर्दोष. मंजूर."

मी कशीबशी तीन नंबरच्या खोलीत येऊन खुर्चीत बसले. पाठोपाठ तो दारात.

"आधी का नाही सांगितलंत?"

"सांगणारच होतो. पण तुम्ही इलेक्ट्रिशियनला बोलावलंत. मग धीरच होईना." आगीत शिरणारा माणूस हो हा! "रागावलात?"

मी उठले. त्याच्या छातीवरची पिवळी डबी काढली आणि माझ्या पांढऱ्या कोटाला लावली. त्याला त्याच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः समोर बसले.

"हे काय करताय?"

"बोलू नका. चाचणी चालू आहे."

मग मी त्याच्याकडे बघितलं. सहा आठवडे पडद्याकडे बघत होते, आता नीट त्याच्याकडे. अर्धी भुवई आश्चर्याने वर गेली आणि तिथेच राहिली. मला तो आवडत होता, फार आवडत होता, आणि हे कळायला मला एक आख्खी समिती लागली होती.

भोंग्या बोंबलला. भिंती दणाणल्या.

"अगं, बंद कर तो मेला!" पलीकडून मोठ्या मॅडम ओरडल्या.

केला असता. पण त्यासाठी हलावं लागलं असतं.