प्रपोजलवालं टेबल

दोघांसाठी मांडलेल्या टेबलाकडे सहा माणसं चालत येताना दिसली, तेव्हा प्रज्ञाला वाटलं, ही मंडळी जामसांवलीच्या मारुतीचं दर्शन घेऊन परतताना वाट चुकली असावी.

पुढे एक ठसठशीत बाई, हातात साडीची पिशवी. मागे पेढ्यांचा डबा छातीशी धरलेले मामा, त्यांच्यामागे दोन मावश्या आणि एक वहिनी. आणि सगळ्यांत शेवटी... कडक इस्त्रीचा निळा शर्ट घातलेला, चपलेकडे पाहत चालणारा एक तरुण.

"रोशनच्या नावानं बुकिंग आहे जी," बाई म्हणाल्या. "प्रपोजलवालं टेबल."

बुकिंग होतं खरं. सौंसरजवळच्या तलावाकाठी हे हॉटेल उघडल्यापासून पाण्यावर पुढे आलेल्या लाकडी मचाणावरचं ते टेबल सगळ्यांत आधी जायचं. नागपूरहून, छिंदवाड्याहून जोडपी यायची. मुलगा गुडघ्यावर बसायचा, मुलगी तोंडावर हात घ्यायची, आणि भल्यामोठ्या ताटलीच्या मधोमध चमचाभर जेवण यायचं. आजही प्रज्ञानं गुलाबाच्या पाकळ्या पसरल्या होत्या, मेणबत्ती लावली होती, खुर्च्या दोनच ठेवल्या होत्या.

"मुलीकडचे आले का?" बाईंनी विचारलं.

आता कुठे प्रज्ञाच्या डोक्यात प्रकाश पडला. पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत घराघरांत लग्नाच्या स्थळाला 'प्रपोजल'च म्हणतात. मुलीकडचं प्रपोजल आलं, म्हणून यांनी प्रपोजलचं टेबल घेतलं. यात त्यांचं काय चुकलं?

"मावशी, इथे प्रपोजल म्हणजे... मुलगा एकटा येतो, मुलगी एकटी येते. तो विचारतो, ती सांगते."

"अन् मग मुलगी पाहते कोण?"

निळ्या शर्टानं तेवढ्यात मान वर केली. डोळ्यांत लाज होती, आणि लाजेच्या मागे हसू दडवायची धडपड.

"मॅडम, चुकी माझी आहे. टेबल मीच बुक केलं."

इतक्यात मामांचा फोन वाजला. बोरगावच्या मुलीच्या आजोबांना बरं नव्हतं. पुढच्या रविवारी येतो म्हणाले, त्याच जागी. सगळ्यांचे चेहरे पडले. प्रज्ञाला कसंतरीच झालं. तिनं चार खुर्च्या जास्तीच्या मागवल्या आणि आत जाऊन आचारी मोरेश्वरला ताटलीत जरा हात सैल सोडायला सांगितलं. परत आली तर मावश्यांनी पाकळ्या गोळा करून रुमालात बांधल्या होत्या. बाईंनी, म्हणजे रोशनच्या आई लीलाबाईंनी, तिच्या छातीवरची पाटी सावकाश वाचली, 'प्रज्ञा गजभिये', आणि एकदम घरच्यासारख्या हसल्या. "जय भीम, बाई. कुठली तू?"

"जय भीम, मावशी. तिगावची."

जेवण झाल्यावर रोशन कठड्याशी येऊन उभा राहिला. पांढुर्णा नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात होता तो.

"इथं आलेल्या सगळ्या मुली हो म्हणतात?"

"नाही म्हणायला इतक्या लांब कोण येईल?"

"अन् तुम्हाला कोणी विचारलं नाही?"

"मी टेबल मांडते. त्यावर बसत नाही."

तो हसला नाही, वाट पाहत राहिला. म्हणून की काय, प्रज्ञा कधी नव्हे ते बोलून गेली. दोनदा पाहायला आले होते तिला. चहाचा ट्रे घेऊन ये, चालून दाखव, जरा मोठ्यानं बोल, केस सोड. दुसऱ्या वेळी तर एका बाईनं तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं. त्याच संध्याकाळी तिनं बाबांना सांगून टाकलं, मला यापुढे पाहायला कोणी येणार नाही.

"मग लग्न?"

"नाही झालं तर नाही." तिनं हे अगदी सहज म्हटलं. पण ते काही तितकं सहज नव्हतं, आणि ते त्याला कळलं, हे तिलाही कळलं.

मंगळवारी तो परत आला. खुर्च्या बारा लागतील, हे सांगायला.

"फोन केला असता तरी चाललं असतं," प्रज्ञा म्हणाली.

"फोनवर खुर्च्या दिसत नाहीत न."

गुरुवारी आला तो मचाणाला बारा माणसांचं वजन पेलतं का, ते पाहायला. "पाण्याच्या डिपार्टमेंटचा माणूस आहे मी. जबाबदारी असते." त्यानं दोन उड्याही मारल्या, आणि प्रज्ञा इतकी हसली की मोरेश्वर झारा घेऊन बाहेर आला. त्यानं त्या दोघांसमोर संत्र्याची फिरनी ठेवली आणि काही न विचारता आत गेला. हिवाळ्याचं कोवळं ऊन तलावावर पसरलं होतं, बदकं काठाकाठानं फिरत होती... आणि आपण उगीचच पदर सावरतोय, हे प्रज्ञाच्या ध्यानात आलं.

शुक्रवारी त्याच्यापाशी कारणच नव्हतं. तो नुसता कठड्याशी उभा होता. पाण्याकडे पाठ, तोंड टेबलांकडे.

"काय करून राहिले इथं?" तिनं चिडवत विचारलं.

"मुलगी पाहून राहिलो," तो म्हणाला.

प्रज्ञाचं हसू जागच्या जागी विरलं. खरंच की. हा माणूस लग्नासाठी मुली पाहतोय. विसरलेच होते मी.

"ती रविवारी येणार आहे," ती कोरडेपणानं म्हणाली, आणि हातातला नॅपकिन उलगडून पुन्हा घडी घालू लागली. तो काहीतरी बोलायला गेला... पण तोवर ती आत निघून गेली होती.

रविवारी तो बोरगावच्या मुलीला हो म्हणणार, आणि त्या टेबलावर पाकळ्या पसरणार आपण. तिनं सोबत काम करणाऱ्या रश्मीकडे ड्युटी बदलून मागितली, पण रश्मीच्या घरी त्याच दिवशी बहिणीचं साक्षगंध होतं. म्हणजे सुटका नाही. रडू येऊ लागलं की प्रज्ञा काचेचे ग्लास पुसायची. शनिवारी हॉटेलातले सगळे ग्लास लखलखत होते.

रविवारी मंडळी आली. पण हे काय? कोणी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिच्या शेजारून सरळ पुढे गेली, खुर्च्या ओढून एका रांगेत केल्या आणि तलावाकडे तोंड करून बसली. पाच पाठी प्रज्ञाकडे. सहावा तेवढा उभा होता.

तिला फार लागलं ते. तरी तिनं आवाज सावरला. "मुलीकडचे केव्हा येऊन राहिले, मावशी?"

"आम्हीच मुलीकडे आलो, माय," लीलाबाई पाण्याकडे पाहत म्हणाल्या.

"कोणत्या...?"

"मी काल बोरगावले जाऊन आलो," रोशन म्हणाला. "सांगितलं, की माझ्या मनात दुसरी आहे. त्यांना राग आला. पण चहा पाजला."

प्रज्ञाच्या हातातली मेणबत्ती कलली.

"शुक्रवारी तुम्ही थांबल्याच नाही. मी तुम्हालेच पाहून राहिलो होतो, दुसऱ्या कोणाले नाही. अन् तुम्ही म्हणाल्या होत्या, पाहायला कोणी येणार नाही. म्हणून मी घरी सांगितलं, यायचं असेल तर या, पण तिच्याकडे कोणी पाहायचं नाही. मी विचारीन, ती सांगेल. नाही म्हणाली, तर तसेच उठून जाऊ."

"मागल्या रविवारी पाहिलं ते धरू नका जी," मामा तलावाला उद्देशून म्हणाले. "तेव्हा आमचं काही मनात नव्हतं."

दोन दिवस छातीवर बसलेला धोंडा कोणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवला, असं प्रज्ञाला झालं. रोशन गेला नव्हता. कुठेच गेला नव्हता.

"मी नोकरी सोडणार नाही," ती म्हणाली. हे आधी सांगायलाच हवं होतं.

"मी सोडा म्हणालो का?"

"अन् बाबांना?"

"तिगावले उद्या जाऊ. पण ते नंतरचं. आधी तुमचं... तुझं सांग." तो जवळ आला. गुडघ्यावर वगैरे बसला नाही, बसायचं त्याला सुचलंही नसावं. "प्रज्ञा, माझ्याशी लग्न करतेस?"

ती त्याच्याकडे पाहत राहिली. वारा आला, मेणबत्ती विझली, तरी कोणी मागे वळलं नाही.

"बाई," शेवटी लीलाबाई म्हणाल्या, "माझी मान आखडून राहिली. हाव का नाही, तेवढं सांगून टाक."

"हाव, मावशी," प्रज्ञा म्हणाली, आणि रडता रडता हसायला लागली. "हाव."

रांगेत जरा चुळबुळ झाली. एका मावशीनं डोळ्याला पदर लावला असावा. मामांनी घसा साफ केला.

"मग आता पाहू का जी?"

प्रज्ञानं रोशनचा हात धरला.

"पाहा न, मामाजी," ती म्हणाली.