भिंतीकडचं पब्लिक

सुमेध लाइव्ह अल्बमचं मिक्सिंग उरकायला बसला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. आणि खरं सांगतो, पोरगा इतका दमलेला की चहावरची साय बाजूला करायचंही त्याच्या जिवावर आलं होतं. एव्हरशाईन सिटीतली बारकी बेडरूम, खिडक्या बंद, पंखापण बंद. त्यांच्या ‘मिठागर’ बँडचा कॉन्सर्ट अल्बम आणि व्हिडिओ सहा वाजता रिलीज होणार होता. आठ वर्षं घासल्यावर गाणाऱ्या ज्ञानदाने सरळ सांगून टाकलेलं, "हा शेवटचा. सोमवारपासून मी नोकरीला." ती गेली की बँड संपला. सुमेधला तेवढंच नको होतं.

आता गंमत बघा. तीन आठवड्यांपूर्वी पापडी गावातल्या त्या कॉन्सर्टला आले किती? चाळीस! त्यातले नऊ ड्रमर डिलनचे नातेवाईक. आणि प्रेक्षकांच्या माइकचा ट्रॅक उघडला, तर हजारेक माणसं! टाळ्या, शिट्ट्या, वर प्रत्येक गाणं सोबत म्हणतायत. गाणी तर सगळी नवीन, त्याच दिवशी पहिल्यांदा गायलेली.

त्याने डिलनला फोन लावला.

"डिल्या, पब्लिकचे माइक कुठे लावलेलेस?"

"मागे. भिंतीजवळ."

"तोंड कुठे होतं त्यांचं?"

"अरे... ते उलटे लागले भावा. माझ्या बहिणीने, ब्रिटनीने, नंतर दाखवलं. भिंतीकडे तोंड. शिव्या नको घालू, प्लीज."

"भिंतीपलीकडे काय आहे?"

"सिमेट्री. म्हणजे आमचं कबरस्तान. आमची आजी पण तिथेच..." मग हळूच, "का रे?"

"काय नाय. जेव तू."

सुमेधने तो ट्रॅक बंद केला. गाणी पार मेल्यासारखी पडली. परत चालू केला... अंगावर काटा आला, पण काय वाजत होतं यार! खोलीत विझलेल्या मेणबत्त्यांचा वास यायला लागला. त्याने डोळे चोळले. दुसरं पब्लिक आणायचं कुठून? राहू दे म्हणाला, आणि ट्रॅक तसाच ठेवला.

शेवटचं गाणं संपलं. गिटार थांबली, ड्रम थांबला. पण ते लोक... ते थांबले नाहीत. हळू आवाजात वेगळंच काहीतरी गायला लागले. बँडचं नव्हतंच ते.

त्याने ज्ञानदाला फोन करून स्पीकरवर ऐकवलं.

पलीकडे वहीची पानं चाळल्याचा आवाज आला.

"सुमेध... हे मी आज सकाळी लिहिलंय."

"कुणाला दाखवलंस?"

"कुणालाच नाही रे. दोनच ओळी सुचल्यात. आणि हे तर... पुढचं पण गातायत." तिचा श्वास ऐकू येत होता. "बंद नको करू. मला सगळं पाहिजे."

"नोकरी?"

"खड्ड्यात गेली नोकरी."

हेच हवं होतं ना त्याला? मग बोट स्टॉपच्या बटणाकडे का जात होतं, देव जाणे.

गाणं संपलं. शांतता. मग माइकच्या अगदी जवळून एक म्हातारा, दमलेला आवाज आला.

"पुढचा कधी?"

"रविवारी," फोनवर ज्ञानदा म्हणाली. "तिथेच."

आणि तीन आठवडे जुन्या त्या रेकॉर्डिंगमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला.