पाण्याला दिलेला हुकूम

भुताच्या गोष्टी रात्रीच घडतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी फाल्गुनातल्या अवसेला भर दुपारी धरमतरच्या खाडीकाठचं मिठागर बघावं. खाली पांढरं, वर पांढरं. माणसाची सावली पायाखाली शिरून बसते. पाखरू फिरकत नाही. सडक्या शेवाळाचा वास येतो आणि टोपलीत मीठ पडतं त्याची करकर ऐकू येते, बास. मग सांगा मला रात्रीचं कौतुक.

मिठाच्या सत्याग्रहानंतरचं दुसरं वर्ष असेल. त्या अवसेला बुधाजी नेहमीसारखा सकाळी मीठ ओढायला निघाला. बायको ठमी टोपली घेऊन मागं. बांधावर उघाडीपाशी गावकीचा पंच अंबाजी पाय पसरून बसलेला. उघाडी म्हणजे बांधातला लाकडी दरवाजा. भरतीचं पाणी आगरात घ्यायचं नि नको तेव्हा अडवायचं, ते तिच्यातून. शेजारी शेंदूर फासलेला धोंडा. फाल्गुनी अवसेला मोठं उधाण यायच्या आधी पाळीच्या घरानं त्या धोंड्यापुढं कोंबडा द्यायचा, असा गावचा रिवाज. त्या वर्षी पाळी बुधाजीची होती.

"कोंबडा कुठाय रं?" अंबाजीनं विचारलं.

"मेला."

"कशानं?"

"मानमोडीनं."

"आमी कापनार ती मान त्यानं आदीच मोडली? लय शाना कोंबडा. मालकावर न्हाय गेला."

माणसं हसली. बुधाजीही हसला. कोंबडा मेला नव्हता, घरी डालग्याखाली होता.

खरी गोष्ट अशी की दोन वर्षं बुधाजी धक्क्याजवळच्या प्रार्थनाघरात जात होता. आधी गेला हिवतापावरच्या कोयनेलसाठी. मग कोयनेल संपलं तरी जात राहिला. तिथले चांगदेव पाळक कुणब्याच्याच घरचे, बोलणं रोखठोक. ते म्हणायचे, "वाऱ्यापाण्यावर हुकूम एकाचाच चालतो, बुधाजी. तो धनी मान, नाहीतर मानू नकोस. पण दोन डगरींवर हात ठेवू नकोस." बाप्तिस्मा पुढच्या रविवारी ठरला होता. गावात मात्र ह्याचं तोंड उघडत नव्हतं. उघडलं की गावकी वाळीत टाकणार. विहीर बंद, आगर बंद, मेल्यावर खांदा बंद. म्हणून पाळकाला 'हो' आणि अंबाजीला 'कोंबडा मेला'. माणूस वाईट नव्हता. भित्रा होता. भित्री माणसं वाईटांपेक्षा जास्त घोळ घालतात.

दुपारी पाणी चढलं. उधाणाचं पाणी वाऱ्याशिवाय चढतं तेव्हा आवाज करत नाही, नुसतं फुगतं. बांधाच्या काठाला लागलं तेव्हा बायका खाली आगरात मीठ भरत होत्या. उघाडीचं लाकूड एकदा कण्हलं आणि सगळंच्या सगळं निखळलं. बांधाला खांड पडली, बैलगाडी जाईल एवढी.

"वर या! वर या गं!" अंबाजी ओरडला.

बायका टोपल्या टाकून पळाल्या. ठमी पळाली नाही. तिचे पाय चरातल्या चिखलात मांडीपर्यंत रुतले होते, खांडीच्या बरोबर समोर. तिनं वर पाहिलं. ओरडलीसुद्धा नाही.

बुधाजीच्या तोंडून निघालं ते त्यानं ठरवून काढलं नव्हतं.

"थांब! येशूच्या नावानं थांब!"

पाणी थांबलं.

ओसरलं नाही हं. थांबलं. खांडीच्या तोंडाशी पुरुषभर उंच उभं राहिलं, भिंतीसारखं. त्यात एक बोय मासा होता, शेपूट वळलेली, तसाच. खाडीचा आवाज गेला. माणसांचाही गेला. आणि बुधाजीच्या कानाशी, कुंपणापलीकडून शेजारी विचारतो तसं शांतपणे, कोणीतरी बोललं.

"त्याला मी ओळखतो… तू त्याचा कोण?"

इकडून अंबाजी पुढं आला. त्यानं तो आवाज ऐकला नव्हता. नाव मात्र ऐकलं होतं.

"कोनाचं नाव घेतलंस रं, बुध्या? बाटलास काय? तू त्याचा कोन लागतोस?"

सगळं गाव बघत होतं. समोर पाणी बघत होतं. एवढंच म्हणायचं होतं की मी त्याचा गडी. तीन शब्दांचं काम.  बुधाजीनं अंबाजीकडं पाहिलं, विहिरीचा रहाट आठवला असेल, मेलेल्या बापाची तिरडी आठवली असेल.

"मी कुनाचा न्हाय," तो म्हणाला. "त्याचा बी न्हाय… मी सांगितलं म्हनून थांबलंय ते."

 पाण्यातून आवाज आला, अगदी नरम.

"बरं… धनी."

ठमीला ओढून काढली. माणसांनी चिखल, दगड, मिठाची पोती, जे हाताला लागलं त्यानं खांड बुजवली. शेवटची टोपली पडेपर्यंत पाणी उभं होतं. मग ओहोटी लागली.

संध्याकाळी अंबाजी स्वतः नारळ घेऊन बुधाजीच्या दारात आला. दुपारी "बुध्या" म्हणणारा माणूस हात जोडून म्हणाला, "बाबा, पुढल्या अवसेलाबी तुम्हीच बघा." दुसऱ्या दिवशी कोणीतरी उंबऱ्यावर कोंबडा कापून गेलं. रक्ताचा ओघळ आत आला होता, चुलीपर्यंत.

"पुसून टाक," बुधाजी म्हणाला.

ठमीनं पाणी आणलं. विहिरीपासून डोक्यावरचा हंडा डुचमळत आला होता, तिचा खांदा भिजला होता. बुधाजी समोर आला आणि हंडा गप्प झाला. तिनं मान हलवून बघितली. आतलं पाणी हललं नाही.

"ह्ये काय वो…" ती पुटपुटली. "तुम्ही जरा लांब व्हा."

तो लांब झाला, तेव्हा हंडा पुन्हा डुचमळला.

रविवारची वाट कोण बघतो? शनिवारी दुपारी तो ठमीला घेऊन प्रार्थनाघरात धावत गेला. पाळकाच्या पायावर पडला, सगळं सांगितलं, नाकारलं तेसुद्धा.

"आता तरी मनापासून आलास का?" पाळकांनी विचारलं.

"मनापासून. त्योच धनी. गावानं वाळीत टाकू दे, नायतर जाळू दे… पर लवकर वता, पाळकसाहेब."

ठमी दाराबाहेर उन्हात थांबली. बुधाजी गुडघ्यावर बसला. पाळकांनी पितळेचा तांब्या भरून घेतला, "पित्याच्या, पुत्राच्या…" म्हणत त्याच्या डोक्यावर कलता केला.

डोकं कोरडंच राहिलं.

बुधाजी वाट बघत राहिला. भिंतीवर पाल चुकचुकली. पाळकांचा श्वास मात्र मोठ्यानं ऐकू येत होता.

"पाळकसाहेब…?"

"वर बघू नकोस."

"काय झालं?"

"तू… तू सांग त्याला. खाली ये म्हणून सांग."



"कुनाच्या नावानं सांगू?"

 पाळकांचा हात थकून खाली आला. तांब्या रिकामा होता. बुधाजी उठला, खाली मान घालून दाराकडं चालू लागला. आणि ते पाणी त्याच्या डोक्यावर चार बोटं, अधांतरी, त्याच्याच चालीनं निघालं. फरशीवर थेंब पडला नाही.

उन्हात उभ्या ठमीनं त्याला उंबऱ्यात बघितलं. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि हात जोडले. कुणाला, ते तिनं मरेपर्यंत सांगितलं नाही.