वर्षालीच्या चेहऱ्यावरची चौकट

जावई कॉम्प्युटर क्लासात शिकवतो हे एकदा सासरच्या गावाला कळलं, की त्याच्या पाहुणचाराचं वाटोळं झालंच म्हणून समजा. गजेंद्रचं तसंच झालं होतं. बडनेऱ्याहून अकोल्यापर्यंत रेल्वे, तिथून बाळापूरची एसटी आणि पुढे ऑटोतून मन नदीच्या काठाकाठाने मळा, असा धूळ खात तो पोचायचा, आणि चहाचा कप हातात पडतो न पडतो तोच कुणीतरी म्हणायचं, "बापू, जराक पाहता का, लय हळू चालून राहिलं." जावयाचे लाड चार-पाच वर्षांत ओसरतात. कॉम्प्युटर मात्र शहाणा होत नाही.

या खेपेला तो त्याच कामासाठी आला होता. दसरा होऊन गेला होता आणि दिवाळीच्या बाजारासाठी मळ्यात झेंडू तोडणीला आला होता. सासरे शेषराव श्रावणात गेले. घरात उरली सासू, तानुबाई. तिची एकुलती एक लेक वर्षाली, म्हणजे गजेंद्रची बायको, सातव्या महिन्यात होती आणि डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायला बंदी केली होती. तिला इकडे येता येईना, आणि तोडणीला आलेली फुलं सोडून तानुबाईला तिकडे जाववेना. तानुबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मोबाइलवर तिला लेक म्हणजे नुसता एक डाग दिसायचा. म्हणून शेषरावांनी हौसेने घेतलेल्या मोठ्या पडद्याच्या कॉम्प्युटरवर मायलेकी रोज दुपारी समोरासमोर बसायच्या. पोरीचं तोंड पाहिलं की मगच तानुबाई भाकरी कुस्करायची.

आणि आता ते तोंडच दिसेनासं झालं होतं.

"आवाज येते," तानुबाईने पाण्याचा तांब्या पुढे करत सांगितलं. "पन तिच्या तोंडावर काईतरी आडवं येऊन बसते, बापू. पांढरं पांढरं."

"जाहिरात असन, मामी," गजेंद्र म्हणाला. सासूला तो मामीच म्हणायचा. "काढून टाकतो."

कॉम्प्युटर सुरू झाला तो धापा टाकतच. गुडघेदुखीचं तेल, बोअरवेलची मशीन, लग्नाची स्थळं, बक्षीस लागलेली गाडी, एकावर एक खिडक्या उघडत गेल्या. ब्राउझरच्या डोक्यावर पट्ट्यांचे थर चढले होते. वेग वाढवणारी सहा प्रोग्रामं एकमेकांच्या पायात पाय घालून बसली होती. फुकट ते पौष्टिक म्हणून लोक काय काय घरात घेतात याचं गजेंद्रला आता आश्चर्यही वाटत नसे. आठवडाभर क्लासात तेच, रविवारी सासरी तेच. मान दुखत होती. त्याने चष्मा पुसला आणि कामाला लागला.

"मामाजीनं हे सगळं काऊन घेतलं असन?"

तानुबाई जमिनीवर टोपल्याशी बसून हार ओवत होती. सुई दिसत नव्हती तिला, पण बोटांना दिसत होती. "त्यायचा सभावच तसा होता. दारात आलेल्याले कधी नाई म्हनलं नाई. पडद्यावर कोनी इचारे, घेता का, तर हे हो म्हनत. म्हनत, बिचारा इतक्या दुरून इचारून राहिला."

गजेंद्रला हसू आलं. असा माणूस. जगभरच्या भामट्यांना त्याने आपल्या ओसरीवर जागा दिली होती. मग गजेंद्रने एकेक पाहुणा उठवायला सुरुवात केली. काही जाताना गयावया करायचे, खरंच काढायचं का म्हणून पुन्हा पुन्हा विचारायचे. काही गेल्यासारखं दाखवून मागच्या दाराने परत यायचे. त्यांचीही मुळं त्याने खणून काढली. ऊन दारातून आत सरकलं, तानुबाईने भाकरी-पिठलं समोर ठेवलं, ते त्याने एका हाताने खाल्लं. तिने मात्र खाल्लं नाही.

पडदा साफ झाल्यावर त्याने वर्षालीला कॉल लावला. उशीला टेकून बसलेली वर्षाली दिसली. हिरवा गाऊन, मागे भिंतीवरचं घड्याळ. आणि चेहऱ्याच्या जागी एक कोरी पांढरी चौकट. तिच्यात अक्षर नाही, चित्र नाही, बटण नाही. वरच्या कोपऱ्यात बंद करायची फुली तेवढी.

त्याने फुली दाबली. काही झालं नाही.

त्याने वर्षालीची खिडकी ओढून पडद्याच्या दुसऱ्या टोकाला नेली. चौकट तिथे गेली. "जरा डावीकडे झुक," तो म्हणाला. वर्षाली झुकली. चौकटही झुकली. तिच्या हनुवटीची कडसुद्धा बाहेर राहिली नाही.

"काय झालं?" वर्षालीने विचारलं. "आईले दिसली का मी?"

"थांब थोडं."

चेहरा ओळखणारी प्रोग्रामं असतात, हे तो मुलांना शिकवत आला होता. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. त्याने चालू कामांची यादी उघडली, तर तिथे त्या चौकटीचा मागमूस नव्हता. इंटरनेटची वायर काढली, कॉल तुटला, वर्षाली गेली. चौकट राहिली. रिकाम्या पडद्याच्या मधोमध येऊन ती स्थिर झाली. शेवटी त्याने शेषरावांचे फोटो पेनड्राइव्हवर घेतले आणि सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायला घेतली. जुनं काहीच उरलं नव्हतं. तरी नव्या विंडोजच्या त्या निळ्या पडद्यावर, टक्के चढत असताना, चौकट मधोमध होती.

गजेंद्रने हात मांडीवर ठेवले. इतकी वर्षं हे काम केलं, पण असं कधी पाहिलं नव्हतं. पडदाच बिघडला असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. पडदा बिघडला तर वर्षालीच्या झुकण्याबरोबर कसा झुकेल, हे मात्र त्याने स्वतःला विचारलं नाही.

"नाई जाऊन राहिली न?" तानुबाई म्हणाली. तिचे हात थांबले होते.

"जाईन. जराक वेळ लागन."

"दहाव्याले कावळा नोता शिवला त्यायच्या पिंडाले."

ते त्याला आठवत होतं. बाळापूरच्या किल्ल्याखाली, नदीच्या वाळूत सगळे उभे होते. कावळा तटावरून उतरायचा, दोन उड्या मारत पिंडापर्यंत यायचा, मान वाकडी करायचा आणि परत फिरायचा. पुतण्या म्हणाला, मळा पडीत ठेवणार नाही. भाऊ म्हणाला, विहिरीचा वाद मिटवला. कावळा यायचा आणि फिरायचा. उन्हाने बाया चक्कर येऊन बसल्या, तेव्हा कुठे दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. कावळ्याचं पोट भरलेलं असेल, असं गजेंद्र तेव्हा वर्षालीला म्हणाला होता.

"काईतरी राह्यलं त्यायचं," तानुबाई म्हणाली. मग ती उठली, कंबर धरत खुर्चीवर येऊन बसली आणि पडद्याकडे तोंड करून, शेजारच्या वाफ्यात उभ्या माणसाला सांगावं तसं म्हणाली, "झेंडू पुढच्या साली बी लावीन मी. काळजी नका करू."

पडद्याच्या तळाशी पडलेला माउसचा बाण हलला.

तो थोडा वर आला, थांबला. पुन्हा थोडा वर. चौकटीच्या फुलीपाशी येऊन तो जरा तिरका झाला, आणि परत खाली गेला.

गजेंद्रने टेबलाकडे पाहिलं. दोष त्याचा नाही ना हे पाहायला माउस त्याने मघाशीच काढून ठेवला होता. तो उताणा पडला होता, वायर खाली लोंबत होती.

"बैल इकनार नाई," तानुबाई म्हणाली.

बाण आला. फुलीपाशी थबकला. फिरला.

"डोळ्याचं आपरेशन करून घेईन."

आला. फिरला.

व्होल्टेज, गजेंद्र मनात म्हणाला. इथलं व्होल्टेज. पण त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. जावयाने मळ्यावर येऊन राहावं, म्हातारीला एकटं टाकू नये, अशी शेषरावांची इच्छा होती. त्यांनी ती तोंडाने कधी सांगितली नव्हती. पण प्रत्येक वेळी एसटीच्या फाट्यावर सोडायला आले की ते मळ्याकडे पाहत उभे राहायचे. नदीवर सगळे बोलले तेव्हा गजेंद्र एकटा गप्प होता. क्लास, खोली, वर्षालीचा दवाखाना, हे सगळं सोडून यायचं कसं?

आता तो फार थकला होता. आणि समोर ही बाई, लेकीच्या तोंडासाठी उपाशी बसलेली. त्याला तिची दया आली, माया आली.

"आमी येतो, मामाजी," तो म्हणाला. "बाळंतपन झालं की इथंच येतो राहाले. मामीले एकटं नाई ठेवत."

आपण हे खरंच बोललो, नुसतं बोलायचं म्हणून नाही, हे त्याचं त्यालाच जाणवलं.

बाण जागचा हलला नाही.

बाहेर कुणाच्या तरी मोटारपंपाचा आवाज येत होता. तानुबाईने अर्धा हार मांडीवर घेतला, फुलं चाचपली आणि हळूच खाली ठेवली. तिच्या चेहऱ्यावर, गजेंद्रला वाटलं, काहीतरी समजल्यासारखं आलं.

"त्यायले करमत नाई," ती म्हणाली. "घरात बी एकटे जेवत नोते कधी."

"मामी, राहू द्या आता. मी उद्या दुसरा पडदा आनतो."

तिने ऐकलं नाही. पडद्याकडे पाहत ती म्हणाली, "बरं. येतो मी. पोरीले एकडाव डोळे भरून पाहू द्या, मंग येतो."

बाण उठला. या वेळी तो थबकला नाही, तिरका झाला नाही. सरळ फुलीवर गेला.

चौकट मिटली.

"मामी, असं नाई बोलाव," गजेंद्र म्हणाला. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच दुरून आल्यासारखा वाटला.

"लावा न फोन."

तोवर विंडोज चढून झाली होती. त्याने इंटरनेट जोडलं, माउस जोडला, कॉलचं प्रोग्राम पुन्हा उतरवून घेतलं. घंटी वाजली आणि वर्षाली पडदाभर दिसली. कपाळ, नाक, गालावरचा तीळ, सगळं लख्ख. पडद्याच्या कोपऱ्यात इकडचं छोटं चित्र उघडायचं बाकी होतं.

"दिसली," तानुबाई म्हणाली. "दिसली व माय माही. किती सुकून गेली तू."

वर्षाली हसली नाही. पडद्याजवळ सरकली, डोळे बारीक केले.

"अहो, ऐकू येते का?"

"येते," गजेंद्र म्हणाला.

"आई कुठी गेली?"

त्याने पडद्यावर बसवलेला कॅमेरा सरळ केला. "आता?"

"आता तुमी दिसून राहिले. फुलाचं टोपलं दिसते. खुर्ची कायले दाखवता रिकामी? बोलवा न तिले. केव्हाची वाट पाहून राहिली मी."

तानुबाईने हात पुढे केला आणि पडद्यावरच्या गालावरून बोटं फिरवली. बोटांना झेंडूचा पिवळा रंग लागला होता. तो काचेवर उमटला.

"तिले काई सांगू नका," ती मागे न वळता म्हणाली. "पाहू द्या मले."

कोपऱ्यातलं छोटं चित्र उघडलं. त्यात खुर्ची होती, खुर्चीमागे तो होता.

त्याने तिचा खांदा धरला. खांदा होता. लुगड्याचा पदर घामाने ओला होता, त्याखालचं हाड त्याच्या तळव्याला टोचत होतं, ती श्वास घेत होती. त्याने दुसऱ्या हातानेही धरलं, घट्ट.

"अहो," वर्षाली म्हणाली, "हवेत हात असे काऊन धरले तुमी?"