पांढऱ्याचा थेंब

म्हातारा टेबलापाशी पालथा पडला होता आणि टेबलावरच्या रणगाड्याचा रंग अजून ओला होता.

इन्स्पेक्टर बाईंनी बोट लावून पाहिलं. वाळूचा रंग बोटाला आला. मुठीएवढा प्लास्टिकचा रणगाडा, पण साखळीची कडी न् कडी सुटी जोडलेली. असलं काम करायला वेड लागावं लागतं, आणि म्हाताऱ्याला ते लागलेलं होतं.

"पडला नाही, ढकललाय," डॉक्टर म्हणाले. "कपाळ टेबलाच्या लोखंडी कडेवर आपटलं."

म्हाताऱ्याची बायको डोळे तपासून परत आली तेव्हा तिला हे दिसलं. मधल्या वेळात धाकटा दीर येऊन गेला होता. लष्कराच्या वर्कशॉपातला निवृत्त रंगारी. त्याचा जबाब सरळ होता. "मी निघालो तेव्हा दादा रणगाडा रंगवत होता. चांगला खुशीत होता."

त्यानंतर घरात उरली एकटी सून.

तिचा नवरा, म्हणजे म्हाताऱ्याचा एकुलता एक मुलगा, वाळवंटातल्या लढाईत रणगाड्यातच गेला होता. सासरा तोच रणगाडा पुन्हा पुन्हा बनवायचा. 'एक दिवस हे सगळे जाळून टाकीन,' असं ती शेजाऱ्यांदेखत ओरडली होती. ठाण्याला एवढं पुरेसं होतं. साहेबांचा फोनही येऊन गेला: उगाच घोळ घालू नका, संध्याकाळपर्यंत अटक दाखवा.

"तुम्ही ढकललंत?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"आवाज ऐकलात?"

"मागं मोरीत कपडे धूत होते. नळ सोडलेला. काही ऐकू आलं नाही."

"हे कोर्टात टिकायचं नाही. जन्मठेप होईल."

"होऊ दे. बाहेर तरी कोण वाट बघतंय माझी?"

बाईंना तिचा रागच आला. स्वतःसाठी हातपाय न हलवणाऱ्या माणसाला वाचवायचं म्हणजे दुप्पट काम.

म्हातारी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती.

"दिरांना कुणी बोलावलं होतं?"

"ह्यांनीच. रविवारी मुलाच्या रणगाड्याचा ड्रायव्हर आला होता. भाजून वाचलेला पोरगा. दार लावून बोलत बसले दोघं. तेव्हापासून ह्यांनी धड अन्न घेतलं नाही. भाऊजींना मात्र निरोपावर निरोप."

"ड्रायव्हर काय म्हणाला?"

"मला कोण सांगतंय! रंगाचंच असणार, ह्या घरात दुसरा विषय कुठला? आणि ह्यांना कुठला रंग पसंत पडेल तर शपथ. प्रत्येकात पांढरा घालायचे. म्हणायचे, खरा रणगाडा लांबून फिका दिसतो, मग बारक्यालाही फिकाच द्यायला हवा. मी म्हणायची, एवढा विचार लग्न ठरवताना केला असतात तर!"

ती हसायला गेली आणि तिला रडू फुटलं.

बाई पुन्हा खोलीत आल्या. कपाटातला एकेक रणगाडा त्यांनी त्याच्या रंगाच्या डबीशेजारी धरून पाहिला. प्रत्येक रणगाडा डबीपेक्षा थोडा फिका होता. टेबलावरचा ओला रणगाडा मात्र डबीशी तंतोतंत जुळला. पांढऱ्याची डबी त्यांनी उघडायला घेतली. झाकण वाळून चिकटलं होतं. स्क्रूड्रायव्हर लावावा लागला.

त्यांनी सुई घेतली आणि रणगाड्याच्या पोटाखाली हळूच ओरखडा काढला. मग दिराला बोलावून घेतलं.

"काका, तुम्ही रंगातले जाणकार. हा वाळूचा रंग कसा करतात?"

"करायचा काय? डबा उघडायचा, ढवळायचा, मारायचा. अख्खी नोकरी तेच केलं."

"पांढरा नाही घालत?"

"रणगाड्याला? पांढरा कशाला?"

दारात उभ्या म्हातारीनं मान वर केली.

"तुमचे दादा घालायचे," बाई म्हणाल्या. "प्रत्येक वेळी. आज पांढऱ्याची डबी उघडलीच नाही. म्हणजे हा रंग त्यांनी दिलेला नाही. आणि ज्यानं त्यांना हा रंग देताना पाहिलं, तो खोटं बोलतोय."

दिराची नजर टेबलावरच्या रणगाड्याकडे गेली.

"वाळूच्या रंगाखाली हिरवा आहे. वाळलेला, पांढरा घातलेला. तो त्यांचा हात. ड्रायव्हरनं त्यांना हेच सांगितलं असणार की आमचा रणगाडा हिरवाच होता. वाळवंटात हिरवा! लांबूनही डोळ्यांत भरणारा. निघण्याआधी तो वाळूच्या रंगात रंगवायचं काम कुणाकडे होतं?"

तो आपल्या हातांकडे बघू लागला.

"शेवटचा एक राहिला होता," तो म्हणाला. "कंटाळा आला होता. म्हटलं, सकाळी मारू. सकाळी जाऊन बघतो तर ताफा निघालेला. सगळे झाले म्हणून आदल्या दिवशीच सांगून बसलो होतो, मग तोंड दाबून राहिलो. पोरगा त्यात बसेल हे मला काय ठाऊक?"

"आणि आज?"

"दादानं तो हिरवा रणगाडा माझ्यापुढे ठेवला. म्हणाला, हा सगळ्यांना दाखवणार. माझा हात धरून सुनेकडे ओढायला लागला, तिला सांग म्हणाला. मी हिसडा दिला. जीव घ्यायचा नव्हता हो." त्यानं टेबलाकडे बोट केलं. "मग वाटलं, हिरवा कुणाला दिसता कामा नये. आणि ओला रंग बघून म्हणतील, मी गेल्यावरही दादाच रंगवत होता."

"त्यानंतर घरात कोण उरणार होतं, हे माहीत होतं ना तुम्हाला?"

हवालदार त्याला घेऊन गेला.

"तुम्ही सुटलात," बाई सुनेला म्हणाल्या. आपला आवाज किती पडलाय हे त्यांचं त्यांनाच जाणवलं.

सून भिंतीकडे बघत बोलू लागली.

"ह्यांना शत्रूनं मारलं असं धरून चालले होते मी. रोज सकाळी उठून त्याला शिव्या घालायची. त्यावर दिवस निघायचा माझा. आता कुणाला घालू, बाई? काकांना? ह्यांना सायकल त्यांनीच शिकवली होती."