कॅप्टनच्या दीडपट

अक्काच्या पत्राला नरहर टिल्लूंनी उत्तरच दिलं नव्हतं. 'वाईला माझ्याकडे ये,' थोरल्या बहिणीनं लिहिलं होतं. 'मोजमापातलं मला काही कळत नाही, पण जेवलास का, एवढं रोज विचारीन.' आपलं तिला ओझं होईल, या विचारानं त्यांनी पत्र पुस्तकात ठेवून दिलं, आणि मग ते पुस्तक उघडणंही सोडून दिलं.

नाशिकच्या त्या फ्लॅटमध्ये मुलगा सुहास, सून केतकी आणि कॅप्टन नावाचा लॅब्राडोर होता. मधुमेह दोघांना, कॅप्टनला आणि नरहररावांना. कॅप्टनच्या कातडीखाली तांदळाएवढा शर्कराकण बसवला होता. तो रक्तातली साखर सतत मोजत राही. त्यावरून गळ्यातली कंठी जेवणाआधी नेमकं इन्सुलिन आपणच टोचे आणि आकडा बोले, "कॅप्टन, दहा युनिट."

"हे माणसांना नाही का मिळत?" नरहररावांनी एकदा चाचरत विचारलं होतं.

"माणसांसाठी परवानगी नाही अजून," सुहास म्हणाला. "कुत्र्याचं चुकलं तर चालतं, बाबा."

नरहररावांच्या साखर तपासायच्या पट्ट्या संपल्या होत्या. ते एकदा सांगून झालं होतं. दुसऱ्यांदा सांगायचा त्यांना संकोच वाटे. मग या जुन्या ग्रंथपालाला शाळेतलं त्रैराशिक आठवलं. कॅप्टनचं वजन तीस किलो, त्यांचं पंचेचाळीस. ते कॅप्टनबरोबर चालू लागले, त्याच्याच वेळेला जेवू लागले, त्याच्या वाटीच्या दीडपट. कंठी दहा म्हणाली, की भिंगातून बारीक रेघा पाहत ते सिरिंजमध्ये पंधरा घेत. आणि खरंच, तहान कमी झाली, रात्री सारखं उठणं थांबलं.

"कॅप्टनच्या नादानं आमचे सासरे सुधारले," केतकी शेजारी सांगायची.

कॅप्टनच्या वाढदिवसाला पाहुणे आले. "बाबा, तुम्ही खोलीतच बसा हं. पेढे बघून उगाच खावंसं वाटेल," केतकी म्हणाली. ते बसले. बाहेर टाळ्या वाजल्या.

संध्याकाळी दाराबाहेर कंठी बोलली, "कॅप्टन, अठरा युनिट."

नरहरराव थबकले. अठरा? पण यंत्र कसं चुकेल? आपलंच काहीतरी चुकलं असेल. आज चालणं कमी झालं असेल. आपलं चुकलं असणार, यावर त्यांचा नेहमीच चटकन विश्वास बसे. त्यांनी सत्तावीस टोचून घेतलं.

पाहुण्यांमुळे जेवण लांबलं. त्यांना दरदरून घाम फुटला. हात कापू लागले, जीभ वळेना. भिंत धरून ते स्वयंपाकघरात पोचले. साखरेचा डबा त्यांच्याच पथ्यासाठी वरच्या फळीवर गेलेला. खाली कॅप्टनच्या ताटलीत अर्धा चुरडलेला पेढा होता. ते गुडघ्यांवर बसले आणि ताटली चाटू लागले. कॅप्टन दोन पावलं मागे सरला.

"अगं केतकी, सासरे बघ तुझे!" दारातून कुणीतरी हसलं. एक मोबाइल वर आला.

"बाबा! कुत्र्याच्या ताटातलं? एवढी हाव?" केतकी ओरडली. "डायबेटिस आहे ना तुम्हाला!"

बोलता येऊ लागल्यावर त्यांनी दीडपटीचा हिशेब सांगितला. हसणं थांबलं.

"अहो, त्यानं चार पेढे खाल्ले होते!" सुहास म्हणाला. "म्हणून त्याचे युनिट वाढले. एकदा विचारायचं तरी, आज कॅप्टननं काय खाल्लं म्हणून!"

'आणि मी काय खाल्लं, हे कुणी विचारायचं?' नरहररावांच्या ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं.

केतकी कॅप्टनच्या मानेवरून हात फिरवत होती. "नशीब," ती म्हणाली, "ह्याला काही झालं नाही."

सकाळी नरहररावांनी ते पुस्तक उघडलं. कॅप्टनला घेऊन ते टपालपेटीपर्यंत गेले. कार्डावर तीनच ओळी होत्या. तिथंही त्यांनी पुन्हा एकदा वाचून पाहिल्या:

'अक्का, मी येतोय. तिकडेही आता यंत्रं आली असतील. तरी सुई टोचायच्या आधी मला विचारशील ना, आज काय खाल्लंस?'

त्यांनी कार्ड पेटीत सोडलं.