चुन्याच्या रेघेबाहेर

त्याला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी स्कूटीच्या सीटवर उभी होते.

हसू नका. स्कूटी स्टँडवर लावलेली होती, गोरसपाक बिस्किटांचा पुडा मी छातीशी धरला होता, आणि खाली कचरा डेपोची कुत्री मला घेरून गुरगुरत होती. डिसेंबरची सकाळ, वर घारी, रस्त्यावर चिटपाखरू नाही. देवाचं नाव घ्यावं तर एकही आठवेना.

"उतरा जी," मागून आवाज आला. "काही करत नाई ते."

"काही करत नाहीत तर दात कशाला दाखवतात?"

"हसून राह्यले असन."

मी मान वळवून बघितलं. उंच, सावळा, पायात गमबूट, गळ्यात दुपट्टा... आणि ओठांच्या कोपऱ्यात असं हसू, की त्याही अवस्थेत मला राग आला.

"हातात काय हाय तुमच्या?"

"गोरसपाक. आईसाठी घेतलाय."

"द्या इकडे."

मी काही बोलायच्या आत त्याने पुडा फाडला आणि अर्धा गोरसपाक पार बाभळीपर्यंत फेकला. कुत्री तिकडे धावली.

"अहो, आईचा होता तो!"

"आई समजून घेईन. कुत्रे नाई समजून घेत."

उतरायला त्याने हात पुढे केला. मी तो धरला नाही. मग पाय घसरला आणि धरावाच लागला.

सांगून टाकते, मी भित्री आहे. आष्टीला आमच्या घरी पाल दिसली तरी मी ओट्यावर चढायची. आई कपाळाला हात लावायची, "हे पोट्टी सासरी कशी नांदन वं बाई!" अशा मुलीला नोकरी लागली ती प्रदूषण तपासायची. गावोगावचे कचरा डेपो नियमाने चालतात का, ते बघत हिंडायचं. नसतील चालत तर नगरपालिकेला नोटीस काढायची. नालवाडीत खोली घेतली होती, तिथून रोज एक नवी भीती बघायला निघायचं. ही नगरपालिका कुठली ते सांगत नाही. नोकरी आहे मला.

डेपोच्या गेटपर्यंत तो सोबत आला. "इकडे कायले आल्ता तुमी? इकडे कोणी पोरगी येत नाई."

मी ओळखपत्र दाखवलं. हसू मावळलं बिचाऱ्याचं.

"तपासणीवाल्या मॅडम तुमीच? ...मी चंदन. इथला सुपरवायझर. कंत्राटी."

"कचरा डेपोवर चंदन!" मी म्हणाले.

"हाव जी. सारे हेच म्हणते. तुमी तरी काही नवीन म्हणसान असं वाटलं होतं."

आता माझं हसू मावळलं.

आत गेलो. कचऱ्याचा डोंगर एवढा, की टोकावरची माणसं बाहुल्यांएवढी दिसत होती. पायथ्याला काळं पाणी साचलेलं. कुठे पाय रुते, कुठे काच कचकन मोडे. माझी पावलं जागीच थिजली, तसा तो पुढे झाला.

"मी जिथे पाय ठेवतो तिथेच ठेवा. बाकी कुठे पाहू नका."

मी पाहिलंही नाही. दिवसभर त्याच्या गमबुटाच्या ठशांवर माझे बूट ठेवत चालले. सांगते, त्या दिवशी भीती कमी नव्हती वाटली... पण भीतीत सोबत होती.

मग पाण्याचे नमुने घ्यायला जाणं झालं. मग "नमुन्याचा रिपोर्ट आला का जी" म्हणून त्याचे फोन. रिपोर्ट आल्यावरही फोन. जानेवारीत त्याच्या आईचा नवस फेडायला तो गिरडला निघाला, आणि मला म्हणाला, "तुमी येता का? टेकडी हाय, हवा चांगली हाय. कुत्रे कमी हाय."

दर्ग्यात माथा टेकून आम्ही टेकडीवरच्या एका दगडावर बसलो. खाली हिरवे गहू, वर मऊ ऊन. त्याच्या दुपट्ट्याचं टोक वाऱ्याने माझ्या हातावर येत होतं, आणि ते मी सारत नव्हते, हे त्याने पाहिलं होतं.

"एक गंमत सांगू?" मी म्हणाले. "तपासणी असली की सगळ्या नगरपालिका काय करतात? नवा मुरूम पसरतात, आणि चालायच्या वाटेला दोन्हीकडून चुन्याच्या फक्कीच्या रेघा मारतात. साहेब आले, रेघांमधून चालले, चहा प्याले, गेले."

"अन् तुमी?"

"मी मुद्दाम रेघेबाहेर चालते. जे काय खरं असतं ते रेघेबाहेर असतं."

तो खूप हसला. "भित्र्या म्हणता स्वतःले अन् असे धंदे करता!"

"कामात भीत नाही मी."

"मंग कशात भेता?"

मी त्याच्या दुपट्ट्याचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. त्याने ते सोडवलं नाही. त्यातच सगळं बोलून झालं होतं... पण उतरताना तोच म्हणाला, "तुमच्या बाबाले कंत्राटी माणूस चालन का हो? तोही कचऱ्यावरचा?"

माझे बाबा महादेवराव आष्टीत शेती करतात, आणि जावई म्हटलं की पहिला प्रश्न 'परमनंट आहे का' हा. हे मी सांगितलं नाही. "बघू," म्हणाले. त्या 'बघू'ची भीती त्याच्या मनात किती खोल गेली, ते मला तेव्हा कुठे कळलं!

मार्चमध्ये फेरतपासणी लागली. यात काही गडबड निघाली तर डेपोवरच्या माणसांची खैर नव्हती. मी नियम केला, माझा मीच. तपासणीच्या आदल्या दिवशी एकमेकांशी बोलायचं नाही. उद्या कोणी म्हणायला नको, मॅडम मिंध्या आहेत.

आदल्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला. मी कापला. परत आला. परत कापला. मग त्याने करणं सोडलं, आणि मी मात्र फोनकडेच बघत बसले. नियम माझा, आणि जीव खालीवर होतोय तोही माझाच.

सकाळी मळभ होतं. गेटवर नगरपालिकेचे स्वच्छता निरीक्षक प्रभाकरराव हार घेऊन हजर. "या मॅडम, या! पहिले तर्री-पोहे घेऊ, मंग पाहू."

"आधी पाहू."

डोंगर ओळखू येत नव्हता. सगळीकडे लालभडक ताजा मुरूम, वर पांढऱ्याशुभ्र रेघा. आणि रेघेपाशी चंदन उभा. डोळे लाल, दाढी वाढलेली. मला वाटलं होतं, चोरून एकदा तरी हसेल. नाही हसला.

"मॅडम," तो म्हणाला, आणि आवाज कसातरीच आला, "आज रेघेच्या आतूनच चला जी."



हा? हासुद्धा? गिरडच्या दगडावर बसून मी ज्याला सांगितलं, तोच मला रेघेच्या आत चाला म्हणतोय? प्रभाकरराव मागून मान डोलावत होते, "बरोबर बोलला पोरगा, आतूनच चला, तिकडे घाण हाय." म्हणजे सगळे मिळालेले होते. चहा, पोहे, हार, आणि चंदन. डोळे भरून आले, ते कोणाला दिसू नयेत म्हणून मी वळले. आणि ताडताड चालत रेघ ओलांडून मुरुमावर गेले.

"मॅडम! नाई!"

मी थांबले नाही. खरंच सांगते, रागात भीती कुठे जाते कोण जाणे. पण दहा-बारा पावलांवर ती परत आली, कारण पायाखालचा मुरूम बसल्यासारखा वाटला. थोडासाच.

त्याच वेळी अवकाळीचे थेंब पडायला लागले. टपोरे. बाकी सगळीकडे मुरूम नुसता ओला झाला. माझ्या आजूबाजूला पडले तिथून वाफ निघाली.

मी खाली बघितलं. बुटांच्या तळव्यांतून चटका वर येत होता. चूंऽऽ चूंऽऽ आवाज करत थेंब विरत होते. हलावं कुठे? पुढे वाफ, मागे वाफ.

"रुचिका!" चंदन ओरडला. मॅडम नाही, पहिल्यांदाच नाव. "हालू नको! जागची हालू नको! खाली आग हाय!"

"चंदन, तोंड बंद ठेव!" प्रभाकरराव किंचाळले.

"कायले ठेवू? मरन ना ते! आठ दिवसांपासून आतून जळून राह्यलं. तुमी वरून मुरूम टाकाले लावला, अन् म्या टाकला. खाली सारं पोकळ झालं. आता ठेवू तोंड बंद?"

सगळे ऐकत होते. नोकरी गेली त्याची, हे मला त्याही क्षणी कळलं. त्यालाही कळलं असणार. पण तो माझ्याकडेच बघत होता.

भीतीत माझी शहरी भाषा पार पळून जाते. "चंदन, मले भेव लागून राह्यलं," मी रडत म्हणाले. "मले इथून काढ रे!"

"काढतो. माह्याकडे पाह्य. फक्त माह्याकडे."

कचरा वेचणारी तानाबाई भंगारातलं एक जुनं दार ओढत घेऊन आली होती. चंदनने ते मुरुमावर सरकवलं आणि त्यावर पालथा पडून हात लांब केला. "बस खाली. आता लेट. दारावर ये, सरकत ये. आली... आली पाह्य..."

मी त्याचं मनगट धरलं. दार तापलं होतं. मागे धप्पकन आवाज झाला, मी उभी होते ती जागा खचून खड्डा पडला आणि त्यातून धूर उसळला. त्याने मला ओढलं, ढकललं, रेघेच्या आत तानाबाईच्या अंगावर फेकलं. आणि स्वतः उठताना त्याचा उजवा पाय मुरुमात गेला.

तो आवाज मला आजही ऐकू येतो. नको तो.

सेवाग्रामच्या दवाखान्यात मी बाकावर बसून होते. कुत्र्यांची, पालीची, अंधाराची, सगळ्या भीत्या आठवून पाहिल्या. एकही खरी वाटेना. दाराआड तो होता आणि डॉक्टर बाहेर येत नव्हते, एवढी एकच भीती उरली होती.

डॉक्टर आले. पाय वाचला म्हणाले. पोटरीपर्यंत भाजलंय, वेळ लागेल, पण चालेल.

मी आत गेले आणि जी रडायचं ठरवून गेले होते, ती भांडायलाच लागले.

"सांगायचं होतं ना आधी! मेले असते मी!"

"फोन केलता. तुमी कापला."

"मेसेज टाकायचा! गेटवर सांगायचं! तोंडाला काय कुलूप होतं?"

तो छताकडे बघत राहिला. "भेलो मी," म्हणाला. "वाटलं, आग निघाली तं नोकरी जाईन. नोकरी गेली तं तुमच्या बाबासमोर कोणत्या तोंडानं उभा राहू? म्हणून रातच्याले एकट्यानं फिरून फिरून पाहिलं, कुठे जमीन थंडी हाय. तेवढ्याच जागेवर रेघा मारल्या. वाटलं... मी म्हटलं तं तुमी आतून चालसान."

मी मटकन खाली बसले. त्या रेघा मला फसवायला नव्हत्या. त्या त्याच्या गमबुटाच्या ठशांसारख्याच होत्या, मी पाय ठेवावा म्हणून. आणि मी त्याच ओलांडल्या.

"रिपोर्ट लिहा," तो म्हणाला. "सारं लिहा. मुरूम म्या टाकला, तेही लिहा."

"लिहिणारच आहे."

"लिहाच."

"लिहिणारच म्हटलं ना!" मी ओरडले, आणि मग त्याच्या उशीवर डोकं टेकून पोटभर रडले. त्याचा हात माझ्या केसांवर आला. घाबरत घाबरतच आला.

मी सगळं लिहिलं. प्रभाकररावांची चौकशी लागली. डोंगर पोकलेनने उघडून आग विझवायला घेतली. चंदनला कामावरून काढायला निघाले होते, पण खाली आग कुठवर पसरली आहे हे दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं. म्हणून ठेवला, पुढचं पुढे म्हणाले.

तो लंगडत कामावर परतला त्या दिवशी मी डेपोच्या रस्त्याला गेले. स्कूटी लांब लावली आणि पायी निघाले. कुत्री आली. भीत भीतच मी गोरसपाकचा पुडा फोडला आणि लांब फेकला. बाभळीपर्यंत नाही गेला, पण गेला.

गेटमध्ये काठी टेकून तो उभा होता. सगळं पाहत होता.

"एकट्या आल्या?"

"हो."

"आज तं तपासणी नाई."

"यापुढे मी येणारच नाही तपासणीला. दुसरे साहेब येतील. फार कडक आहेत, नीट काम करा."

त्याचा चेहरा उतरला. काठीवरची मूठ घट्ट झाली. "...काऊन? रागवल्या अजून?"

"ऑफिसात सांगून आले, हा डेपो माझ्याकडून काढून घ्या. तिथला सुपरवायझर माझा होणारा नवरा आहे, माझ्याच्याने त्याची तपासणी व्हायची नाही."

त्याची काठीवरची मूठ सैल झाली. घारी ओरडत होत्या, पोकलेन घरघरत होतं.

"मले... न इचारता?"

"तुम्ही रेघा मारल्या, त्या मला विचारून मारल्या होत्या?"

मग हसला तो. तेच ते, ओठांच्या कोपऱ्यातलं. या वेळी राग नाही आला.

"बाबाले काय सांगायचं?" त्याने हळूच विचारलं.

"खरं. कंत्राटी आहे, कचऱ्यावर आहे, पाय भाजलाय. सगळं आधीच सांगायचं. रविवारी चला आष्टीला."

"भेव लागते ना रुचिका."

"मलेही लागते," मी म्हणाले, आणि त्याची काठी त्याच्या दुसऱ्या हातात देऊन मोकळा झालेला हात मी धरला.